लाकडाच्या धुरात शिसं कुठून आलं? वाचकांचे प्रश्न, डॉक्टरची उत्तरं

मागच्या अंकात वणव्याच्या धुरावर अर्धं पान लिहिलं होतं. त्यात जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की धुरासोबत शिसं, कॅडमियम, आर्सेनिक असे जड धातूपण शरीरात जातात अन् त्याचा सगळ्यात जास्त मार आग विझवणाऱ्यालाच बसतो. बाकीचं अर्धं पान राहिलं बाजूला, लोक त्या एका वाक्यालाच धरून बसले. संपादक म्हणाले आता तुम्हीच निस्तरा, म्हणून यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिला. नावं छापत नाही. विचारणाऱ्यांतले बरेच जण वनविभागात रोजानं जातात अन् पुढच्या हंगामात त्यांना परत बोलावणं आलं पाहिजे.

प्रश्न : मी फेब्रुवारी ते जून फायर वॉचर म्हणून रोजानं असतो. आमी तं लहानपणापासून चुलीच्या धुरातच वाढलो, काही झालं नाही. मंग जंगलाच्या धुरात शिसं कुठून येते? सागाच्या पानात शिसं राहते का? (हंगामी वनमजूर, अहेरी तालुका)

राहते ना भाऊ. सागातच काय, मोह, येन, तेंदू, बांबू सगळ्यातच थोडं थोडं राहते. झाड मुळानं पाणी ओढतं तेव्हा मातीतलं जे असेल ते सोबत येतं, कॅडमियम येतं, जस्त येतं, मँगनीज येतं. वरून पानावर धूळ बसते ती वेगळी. शिसंवालं पेट्रोल आपल्या देशात २००० साली बंद झालं, पण तोवर जे हवेतून खाली बसलं ते वरच्या मातीत अजून पडून आहे, कारण शिसं सडत नाही, विरघळून जात नाही, कुठं जात नाही. चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यात कोळसा जाळून वीज होते, दगडी कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसं, पारा असतोच, अन् केंद्रीय प्रदूषण मंडळानं २००९ च्या यादीत चंद्रपूरला अतिप्रदूषित गावांत वरच्या नंबरवर टाकलं होतं. हे सगळं वर्षभर पानावर, सालीवर, पाचोळ्यावर बसत राहतं आणि मार्च-एप्रिलमध्ये एका रात्रीत पेटतं.

आता लाकूड जळतं, धातू जळत नाही. लाकडाची वाफ आणि गॅस होऊन जातो, धातू मागे राहतो, काही राखेत पडतो आणि काही उडतो. आर्सेनिक ६१५ डिग्रीला थेट वाफ होतं, कॅडमियम ७६७ ला उकळतं, पारा तर ३५७ लाच. आगीच्या पोटात एवढी उष्णता सहज होते. ही वाफ वर जाऊन थंड झाली की धुरातल्या सगळ्यात बारीक कणांवर जाऊन बसते, अडीच मायक्रॉनच्या आतल्या, ज्याला पीएम २.५ म्हणतात. तो कण केसाच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढा असतो, नाकातल्या केसात अडकत नाही, घशात खाकरून पडत नाही, सरळ फुप्फुसाच्या तळाशी जातो आणि तिथून रक्तात.

चुलीचं म्हणाल तर चुलीचा धूरपण काही चांगला नाही, गावातल्या बायांना विचारा खोकला कसा असतो. पण फरक श्वासाचा आहे. बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो, तोच माणूस टेकडीवर फांदीनं आग झोडपत असला की चाळीस-पन्नास लिटर आरामात घेतो आणि तीपण तोंडानं. धूर तेवढाच असला तरी छातीत जाणारा माल कितीतरी पट.

हेपण सांगून ठेवतो की धुरात धातूचा वाटा थोडाच असतो. लगेच त्रास देणारे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि ते बारीक कण. पण कार्बन मोनॉक्साइड मोकळ्या हवेत बसलं की काही तासांत उतरतं, कॅडमियम तसं नाही, ते किडनीत जाऊन बसलं की दहा-दहा, तीस-तीस वर्षं निघत नाही. शिसं हाडात जाऊन बसतं. म्हणजे तुम्ही यंदा विझवलेल्या आगीत मागच्या हंगामाचा हिशोबपण जोडला जातो. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी जी संस्था आहे तिनं २०२२ मध्ये फायरफायटरचं काम पहिल्या गटात टाकलं, म्हणजे या कामानं माणसाला कॅन्सर होऊ शकतो याचा पुरावा पक्का आहे असं म्हटलं, त्यात मूत्राशयाचा कॅन्सर आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हे दोन ठामपणे. त्यात शहरातले बंबवाले आले आणि जंगलातलेपण आले. पहिला गट म्हणजे सगळ्यांना होतोच असं नाही बरं का, गट पुराव्याचा आहे, किती जणांना होतो त्याचा नाही. पण तुम्ही "काही झालं नाही" म्हणून राहिले ना, या गोष्टी वीस-तीस वर्षांनी समजतात, पंचविशीत नाही समजत.

प्रश्न : मी बीएस्सीला आहे. एका व्हिडिओत बघितलं की कॅलिफोर्नियात वणव्यामुळे मातीतलं साधं क्रोमियम कॅन्सरवालं क्रोमियम झालं. भंडारा-नागपूरकडे क्रोमाइट (क्रोमियमचं खनिज) आहे असं आम्ही शिकलो, म्हणजे आपल्याकडेपण तसंच होत असेल ना? (विद्यार्थी, चंद्रपूर)

व्हिडिओ खरा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी केलेला अभ्यास आहे, २०२३ च्या डिसेंबरमध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये आला. क्रोमियमचे दोन अवतार धर, एक तीनवालं, ते मातीत असतं, फारसं त्रास देत नाही, आणि एक सहावालं, ते श्वासातून गेलं तर फुप्फुसाचा कॅन्सर करतं. तिकडे २०१९ आणि २०२० मध्ये जळालेल्या जागांची माती-राख तपासली तर जिथं खडकच क्रोमियमनं भरलेला होता आणि आग चांगली तापली होती तिथं तीनचं सहा झालेलं सापडलं, आणि पाऊस न झाल्यामुळे ते कित्येक महिने तसंच वर पडून होतं, वारा आला की उडायला तयार.

यात दोन अटी आहेत बघ, माती तशी पाहिजे आणि आग तशी पाहिजे. क्रोमाइटचे साठे आपल्याकडे ठरावीक पट्ट्यात आहेत, ते सगळ्या विदर्भाच्या जंगलाला लावू नको. आणि आपली आग बहुतेक जमिनीवरची असते, पाचोळा, गवत, झुडपं जाळत जाते, शेंड्यापर्यंत क्वचित चढते, पुढे सरकली की मागची माती लवकर थंड होते. तिकडची आग अख्खं झाड पेटवते. तरी आपल्याकडे पडलेले ओंडके आणि जुने बुंधे असतात, ते दोन-दोन दिवस आतून धुमसतात आणि त्याच्या खालची माती चांगली भाजून निघते. आणि ती उकरून विझवायला मजूरच लागतो. तुला प्रोजेक्ट करायचा असला तर हाच विषय घे ना, जळालेल्या बुंध्याखालची राख आणि दहा पावलांवरची न जळालेली माती, दोन्ही तपासून बघ. मास्क लावून उकर फक्त.

कॅलिफोर्नियाचंच अजून एक सांगतो, ते मला आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं वाटतं. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये कॅम्प फायर नावाच्या वणव्यात पॅराडाइज नावाचं गावच्या गाव जळालं. तिथल्या हवा मंडळानं २०२१ मध्ये अहवाल काढला, बाजूच्या चिको शहरात हवेतलं शिसं नेहमीपेक्षा पन्नास पट झालं होतं आणि सतरा तास तसंच होतं, अन् धातू दीडशे मैलांपर्यंत म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास पोचले. गडचिरोलीत पेटलं आणि धातू नागपूर ओलांडून गेले, असं समज. झाडं जळून एवढं शिसं येत नाही, ते घरं जळून आलं, रंग, पाइप, वायरी, बॅटऱ्या, गाड्या. जंगल आणि वस्ती जिथं भेटते तिथली आग सगळ्यात घाण.

प्रश्न : मी वनरक्षक आहे. आगीचा मेसेज आला की पाचोळा उडवायचा ब्लोअर पाठीवर घेऊन निघावं लागतं, मजूर हिरव्या फांद्यांनी झोडपतात. सगळे तोंडाला ओला दुपट्टा बांधतो, ओल्या कपड्यानं धूर गाळल्या जाते असं सगळेच सांगतात. एन-९५ घालून बघितला तर ४४ डिग्रीत जीव कोंडतो. खरं काय करायचं ते सांगा, पुस्तकातलं सांगू नका. (गोंदिया जिल्हा)

ताई, पुस्तकातलं सांगत नाही. दुपट्ट्यानं ठिणगी अडते, मोठी राख अडते, झळ जरा कमी लागते, बस. वर जो बारीक कण सांगितला तो दुपट्ट्याच्या विणीतून असा जातो जसा कुंपणातून वारा, कोरडा असो की ओला. उलट ज्वाळेच्या अगदी जवळ ओलं कापड तोंडाला असलं तर त्याची गरम वाफ होऊन चेहरा भाजू शकतो. दुपट्टा डोक्याला, मानेला बांधा, चांगला आहे, फक्त तो फिल्टर आहे असं समजू नका.

कण अडवायचे तर एन-९५ किंवा आपल्याकडचा एफएफपी-२, त्यावर आयएस ९४७३ लिहिलेलं असतं ते बघून घ्या. कानात अडकवायचा नको, डोक्याच्या मागून दोन पट्टे जाणारा घ्या, कानवाला बाजूनं गळतो. पोरांना सांगा दाढी असली की मास्क घालून न घातल्यासारखाच, हंगामापुरती तरी काढा. बाहेरून काळा पडला, ओला झाला, श्वास ओढताना जड लागला की फेकायचा, धुऊन वापरायचा नाही. एका आगीत दोन लागतील असं धरून चाला.

आता कोंडण्याचं. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, टेकडीवर पळताना तो मास्क लावून माणूस टिकत नाही आणि ज्वाळेसमोरून निघून जायची वेळ आली तर मास्कचा विचारच करू नये, आधी जीव. म्हणून मी सांगतो की मास्क वेळ बघून लावा. लोक नेमकं उलटं करतात. आग भडकलेली असते तेव्हा सगळे तोंड बांधून असतात, आगीची लाइन थंड झाली की मास्क खाली, दुपट्टा खाली, तिथंच राखेत बसून पाणी, चिवडा, तंबाखूचा खर्रा. अन् मग गार करायचं काम सुरू होतं, ओंडके उलटवा, बुंधे उकरा, धुमसणारं पसरवा. ज्वाळा नसते म्हणून ते साधं काम वाटतं, पण अर्धवट धुमसणाऱ्या लाकडाचा धूर ज्वाळेपेक्षा घाण असतो आणि धातूवाली राख याच वेळी पायानं, फावड्यानं, ब्लोअरनं उडते. या कामाला दमपण कमी लागतो, म्हणून मास्क इथं सहन होतो. गार करताना मास्क पक्का, एवढं जरी तुमच्या बीटात, म्हणजे तुमच्या हद्दीत, झालं तरी पुष्कळ झालं.

ब्लोअरवाल्यानं वारा पाठीवर घ्यायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, थोडं तिरकं, मागे. मजूर पाळीपाळीनं बदला, धुराच्या बाहेर वाऱ्याकडच्या बाजूला बसवा, पाणी-जेवण तिथंच. आणि मास्क गॅस अडवत नाही हे सगळ्यांना माहीत पाहिजे. डोकं ठणकलं, मळमळलं, माणूस येडंवाकडं बोलायला लागला की कार्बन मोनॉक्साइड आहे समजून त्याला बाहेर काढा, मास्क लावून आहे ना, चालते, असं म्हणू नका.

अजून एक, टीममध्ये सिकलसेल हा रक्ताचा आजार कोणाला आहे ते आधी विचारून ठेवा. आपल्या भागात ते घराघरात आहे. ज्याला आजार आहे त्याला आगीवर नेऊच नका, गरमी, तहान, कमी ऑक्सिजन, तिन्ही एकाच वेळी मिळतात आणि क्रायसिस, म्हणजे भयंकर दुखण्याचा झटका, येतो. जो फक्त वाहक आहे तो जाऊ शकतो, पण त्याला पाणी जास्त आणि विसावा जास्त.

आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजून वाईट वाटून घेऊ नका. अमेरिकेत जंगलातले फायरफायटर वर्षानुवर्षं गळ्यातला रुमाल नाकावर ओढूनच काम करत आले. कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये नियम केला की हवेचा निर्देशांक १५१ झाला की मालकानं बाहेर काम करणाऱ्याला एन-९५ दिलाच पाहिजे, शेतमजुराला, बांधकामवाल्याला, सगळ्यांना. त्यातून वगळलं कोणाला, तर प्रत्यक्ष वणवा विझवणाऱ्याला. आता बोला.

प्रश्न : माझे मिस्टर रात्री आगीवरून येतात तर कपडे काळेकुट्ट. मुलगी दोन वर्षाची आहे, धावत जाऊन बिलगते. तिला काही होईल का? मी स्वतः आशा आहे पण हे कोणत्या ट्रेनिंगमध्ये नाही सांगितलं. आणि आम्ही मोह वेचायला झाडाखालचं जाळतो, ते चालते का? (कोरची तालुका)

मुलीचं विचारलं ते बरं केलं. पोटात गेलेल्या शिशातलं लहान मूल मोठ्या माणसापेक्षा चार-पाच पट जास्त ओढून घेतं, आणि त्याचा मार मेंदूवर, पुढे शिकण्यावर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं की रक्तात डेसिलिटरला पाच मायक्रोग्रॅम शिसं सापडलं की ते कुठून येते ते शोधा आणि बंद करा, आणि त्याच्याखालीपण सुरक्षित असा आकडा नाही. लहान मूल श्वासापेक्षा हातातोंडातून जास्त घेतं, काजळी शर्टावरून हाताला, हातावरून तोंडात.

उपाय सोपा आहे, खर्च साबणाचा. मिस्टरांनी कपडे अंगणातच काढायचे, झटकायचे नाहीत, झटकलं की परत हवेत. वेगळ्या बादलीत बुडवून ठेवायचे, घरच्या कपड्यात मिसळायचे नाहीत, धुतलेलं पाणी विहिरीपासून आणि परसातल्या भाजीपासून दूर. आंघोळ डोक्यावरून, नखं घासून, आणि मग पोरगी. बूट दाराबाहेर. आगीची एक जोडी वेगळीच ठेवली तर सगळ्यात चांगलं. पण घाबरू नका, बापाच्या शर्टावरच्या काजळीपेक्षा लहान मुलांना शिसं मिळतं ते जुन्या रंगाच्या पोपड्यातून, भेसळीच्या हळदीतून, घरापाशी कोणी बॅटऱ्या फोडत असेल तर तिथून. तेपण बघून घ्या. आणि मुलीचं हिमोग्लोबिन. रक्तात लोह कमी असलं की आतडं लोहाच्या नावाखाली शिसं आणि कॅडमियमपण जास्त घेतं, हे तुमच्या आयर्न सिरपचं अजून एक काम समजा.

मोहाखालचं जाळणं बंद करा, तेवढं तर तुमच्या हातात आहे. तुम्ही वाकून फुंकत असता, धूर सरळ तोंडात, पोटुशी बाई असली तर अजूनच वाईट, आणि पुष्कळ वणवे तिथूनच निसटतात अन् मग तुमचेच मिस्टर विझवायला जातात. झाडाखालचं झाडून घ्या आणि जुन्या साड्या नाहीतर हिरवी जाळी अंथरा. फूल स्वच्छ राहते, माती लागत नाही, व्यापारी भावपण बरा देतो.

प्रश्न : शेताचा धुरा (बांध) पेटवला तो हातातून गेला आन् आमचं शेड जळालं. पीव्हीसी पाइपाचे बंडल, फवारणी पंप, कुंपणाचं झटका मशीन बॅटरीसकट, सगळं गेलं. गावातल्या पोरांनी विझवलं. आता राख तिथंच आहे, शेतात पसरवून देऊ का? खत होते म्हणतात. (शेतकरी, यवतमाळ जिल्हा)

अजिबात पसरवू नका भाऊ. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या काड्यांची, राख वेगळी आणि ही वेगळी. झटका मशीनच्या बॅटरीत शिशाच्या प्लेटा असतात, त्या वितळून मातीत गेल्या असतील, शिसं ३२७ डिग्रीलाच वितळतं. पीव्हीसी पाइप टिकावा म्हणून त्यात शिसं घालायची पद्धत होती, ती थांबवायचे नियम सरकारनं २०२१ मध्ये काढले, म्हणजे तुमचे पाइप जुने असतील तर त्यातपण होतं. जुन्या दाराचा रंग असेल तर त्यातही. वरून फवारणीच्या औषधाचे डबे.

राख कोरडी झाडू नका. पाणी शिंपडून ओली करा, मास्क, हातमोजे, बूट घाला, वरची बोटभर माती खरवडून जाड प्लास्टिकच्या पोत्यात भरा. बॅटरीचे तुकडे वेगळे ठेवा, भंगारवाल्याला देत असाल तर तो घरी वितळवणारा नको. ते पोतं नाल्यात, बोडीत टाकू नका, पहिल्या पावसात सगळं खाली जाईल. ग्रामपंचायतीला लेखी कळवा. त्या जागी दोन-चार वर्षं पालेभाजी, कंद लावू नका, कॅडमियम पालेभाजीत फार चढतं. विझवणाऱ्या पोरांनापण निरोप द्या की त्या दिवशीचे कपडे वेगळे धुवा. आणि धुरे जाळणं, जाऊ द्या, त्याच्यावर लिहून लिहून हात दुखले.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर एका लॅबची जाहिरात फिरून राहिली, केसावरून अन् लघवीवरून जड धातूंचं पॅकेज, काही हजार रुपये. दुसरीकडे एक वैद्य छाती साफ करायला भस्म देतात. आठ-दहा हंगाम आगीवर काढले, काय करू? (वनमजूर, मेळघाट)

पॅकेज नको, भस्म तर नकोच नको. केसावर बाहेरून धूळ-काजळी बसलेली असते, त्यात सापडलेला धातू शरीरातला की शर्टावरचा हे कळत नाही. काही ठिकाणी आधी धातू लघवीत उतरवणारं औषध देऊन मग लघवी तपासतात, त्यात कोणाचाही आकडा वाढूनच येतो आणि मग पुढचं पॅकेज विकलं जातं. खरी तपासणी म्हणजे शिसं रक्तात, कॅडमियम लघवीत आणि रक्तात, आर्सेनिक लघवीत. त्यातपण वेळ बघावी लागते. आर्सेनिक तीन-चार दिवसांत निघून जातं, आगीनंतर महिन्यानं तपासून उपयोग नाही, रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात अर्ध्यावर येतं, कॅडमियम मात्र लघवीत जुना साठा दाखवतं. या तपासण्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होत नाहीत, नमुना मोठ्या शहरात जातो, म्हणून हातपाय थरथरणे, पोटात कळा, हाताची पकड ढिली होणे, लघवीत प्रथिन असं काही असेल तर मेडिसिनच्या डॉक्टरच्या चिठ्ठीनं करा.

त्याआधी जे गावात होतं ते करा, बीपी, हिमोग्लोबिन, लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन. जिल्ह्याला गेले तर फुंकून फुप्फुस मोजतात ती तपासणी. हंगामाच्या आधी एकदा, नंतर एकदा, आणि कागद जपून ठेवा, दोन कागद शेजारी ठेवले की डॉक्टरला जे दिसतं ते एका महागड्या रिपोर्टात दिसत नाही. लघवीत रक्त दिसलं, दुखत नसलं तरी, लगेच दाखवा, वर मूत्राशयाचं सांगितलं आहे.

भस्माबद्दल, नागभस्म म्हणजे शिसंच आहे, रसकल्पात पारा असतो, हरताळ-मनशीळ म्हणजे आर्सेनिक. धुरातून गेलेलं शिसं काढायला तोंडातून शिसं खायचं, हे मला तरी समजत नाही. गुळाचंही विचारतात पुष्कळ जण. गूळ खाल्ल्यानं फुप्फुस धुतलं जात नाही, पण दमलेल्या माणसाला गूळ-पाणी चांगलं, खा.

प्रश्न : खर्रा सोडा म्हणू नका, बाकी काहीपण सांगा. (सही नाही)

बरं, सोडा म्हणत नाही, तुमच्या जंगलातल्या खर्ऱ्याचं सांगतो. काजळीचे हात, पन्नीत सुपारी-तंबाखू-चुना, ते त्याच हातानं घोटणार आणि गालात ठेवणार. राखेतला धातू पोटात पोचवायचा याच्यापेक्षा सरळ रस्ता नाही. तंबाखूचं झाड मातीतलं कॅडमियम पानात जमा करण्यात एक नंबर आहे, बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगात न ओढणाऱ्यापेक्षा साधारण दुप्पट कॅडमियम असतं, धूर-वणवा काही नसतानासुद्धा. आणि बिडीचं पान तेंदूचं, ज्याला चांगली पालवी फुटावी म्हणून लोक जंगल पेटवतात. बाकी तुम्ही समजदार आहात. निदान साबणाची वडी आणि दोन लिटर पाणी सोबत न्या, हात धुऊन मग काय खायचं ते खा.

प्रश्न : उद्या खरंच आजार निघाला तर आम्ही कामाला होतो हे कोण मानणार? आमचं नाव तं कुठंच नसते. २०२१ ला नागझिऱ्यात आमच्यासारखे तीन मजूर जळून गेले, तेव्हा पेपरात आलं. धुरानं हळूहळू मरणाऱ्याचं काय? (हंगामी मजूर, साकोली)

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात, जो आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी आहे, त्यात शिसं, पारा, आर्सेनिक, क्रोमियम, कॅडमियम यांच्यामुळे होणारे आजार नावानं लिहिलेले आहेत. अडतं ते सिद्ध करण्यात. वनरक्षकाचं सर्व्हिस बुक असतं, तुमच्याकडे मस्टरवरचा अंगठा असतो आणि तोही दुसऱ्याच्या कपाटात.

म्हणून स्वतःची वही ठेवा, दहा रुपयाची. तारीख, बीट, कक्ष क्रमांक, किती वाजता गेलो, किती वाजता आलो, किती तास गार करण्याचं काम, मास्क होता का, त्या रात्री खोकला-डोकेदुखी झाली का, सोबत कोण होतं. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाचे सॅटेलाइटवरून आगीचे अलर्ट मोबाइलवर येतात, त्यासाठी कोणीही नाव नोंदवू शकतं, गावातल्या एखाद्या पोरानं नोंदवलं तरी पुरे. त्यात तारीख आणि जागा असते, त्याचा स्क्रीनशॉट वहीसोबत. मजुरी बँकेत आली तर पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स. मेसेजवर बोलावलं असेल तर मेसेज डिलीट करू नका. ग्रामसभेत हंगामाच्या सुरुवातीला ठराव घ्या की आगीवर जाणाऱ्या प्रत्येकाला मास्क, साबण, हातमोजे आणि हंगामाआधी-नंतर तपासणी मिळावी, ठरावाची प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात देऊन पोच घ्या. मिळेल न मिळेल, पण मागितलं होतं हे कागदावर राहतं. वनअधिकाऱ्यांपैकी कोणी वाचत असेल तर, मजुराचं आगीवरचं रजिस्टर ठेवायला वेगळं बजेट लागत नाही साहेब, एक रजिस्टर लागतं.

प्रश्न : वणव्याची राख भांडे घासायले अन् दाताले चालते का? (कुरखेडा)

घरच्या चुलीतली साध्या लाकडाची राख भांड्याला चालते, नंतर चांगलं धुऊन घ्या. वणव्याची आणू नका, कारण तिथं काय काय जळालं ते तुम्हाला माहीत नसतं. दाताला कोणतीच नको.